देल्कासे व फ्रान्सचा राजनय (१८९८–१९०५)

फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकातील एक परराष्ट्रमंत्री तेओफील देल्कासे (१ मार्च १८५२–२२ फेब्रुवारी १९२३) याच्या सात वर्षांच्या कारकीर्दीत फ्रान्सच्या परराष्ट्रीय धोरणास जे नवे वळण लागले, त्याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. २८ जून १८९८ रोजी देल्कासेने परराष्ट्रखात्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा रशियाखेरीज यूरोपात फ्रान्सला मित्र नव्हता. १८७०-७१ च्या युद्धातील पराभव आणि ॲल्सेस-लॉरेनचा वियोग यांमुळे जर्मनीशी वैर होते; इटलीशी दहा वर्षे जकातयुद्ध चालू होते; इंग्लंडशी आफ्रिकेतील तंटे विकोपास चालले होते. ६ जून १९०५ रोजी त्याला राजीनामा द्यावा लागला, त्या वेळी इटली जर्मनीच्या गोटात केवळ नावापुरती उरली होती, मोरोक्कोसंबंधी स्पेनशी करार झाला होता आणि इंग्लंडबरोबरचे वसाहतींचे बहुतेक वाद मिटले होते. एका नव्या मंत्र्याच्या आगमनाने एखाद्या राष्ट्राच्या राजनयात केवढे स्थित्यंतर घडू शकते, याचे हे उदाहरण नेहमी दिले जाते. ते खरे असले, तरी हे स्थित्यंतर ज्या पद्धतीने घडले तिच्यातच देल्कासेच्या पतनाचे बीज होते, ही गोष्ट तितक्याच आवर्जून सांगितली जात नाही.

तिसऱ्या प्रजासत्ताकात मंत्रिमंडळे अल्पायुषी असत. वर्षभर टिकलेले मंत्रिमंडळ भाग्याचे समजले जाई. साहजिकच दीर्घ मुदतीचे धोरण आखणे आणि ते तडीस नेणे कोणाही परराष्ट्रमंत्र्यास दुष्कर होते. देल्कासे याला अपवाद ठरला. ब्रिसों, द्युपुई, वाल्देक-रूसो, काँब व रुव्ह्ये अशा पाच पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळांत तो लागोपाठ त्याच पदावर राहिला. यास काही कारणे होती. द्रेफ्यूस प्रकरण आणि त्यानंतरचा धर्मसंस्था व राज्य यांमधील संघर्ष यांत फ्रान्सचे राजकारण इतके गुंतले होते, की परराष्ट्रीय व्यवहाराकडे लक्ष देण्यास पंतप्रधानांना सवडही नव्हती आणि फारशी आस्थाही नव्हती. शिवाय १८७५ च्या संविधानविषयक कायद्यांनुसार परराष्ट्रांशी तह करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास होता आणि राज्याचे हित व सुरक्षितता यांस बाध येणार नाही अशा वेळी त्याने ते संसदेस कळवावेत, एवढेच बंधन होते. शांततेचे व व्यापाराचे तह, तसेच ज्यांमुळे तिजोरीवर भार पडेल असे करार यांना संसदेची संमती लागे. इतर बहुतेक राजकीय करारांना ती लागत नसे. या तरतुदीचा देल्कासेइतका पुरेपूर लाभ दुसऱ्या कोणत्याही मंत्र्याने घेतला नाही. १८९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेला एमील ल्युबे याचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. परराष्ट्रमंत्री व राष्ट्राध्यक्ष अशा दोघांच्या संमतीने ठरलेल्या अनेक गोष्टी मंत्रिमंडळातील इतर सदस्यांच्या कानांवर कित्येक वर्षे गेल्या नाहीत.

देल्कासे हा मूळचा दक्षिण फ्रान्समधील पाम्ये या गावचा. पॅरिसमध्ये गांबेताच्या पक्षाच्या वृत्तपत्रांतून परराष्ट्रीय राजकारणावर लेखन करून त्याने नाव मिळविले आणि १८८९ मध्ये तो प्रतिनिधिगृहावर निवडून आला. बांध्याने ठेंगणा, बोलण्यात मितभाषी आणि वृत्तीने एकाकी असा हा गृहस्थ वक्ता म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हता. १८९३ मध्ये वसाहतखात्याचा उपमंत्री आणि १८९४-९५ मध्ये त्याच खात्याचा मंत्री म्हणून त्याने काम केले. याच काळात मध्य आफ्रिकेतून नाईल नदीच्या वरच्या खोऱ्यात फ्रेंच तुकडी पाठवावी आणि ईजिप्तमधून न हलणाऱ्या इंग्रजांना त्या मार्गाने शह द्यावा, या कल्पनेचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला होता. १८९३ मध्ये मॉन्तेय या अधिकाऱ्याच्या नियोजित मोहिमेमागे त्याचीच प्रेरणा होती. ती मोहीम प्रत्यक्षात फळास आली नाही. परंतु तीच कल्पना पुढे कॅप्टन मार्शां याच्या मोहिमेने उचलली. नियतीचा खेळ असा, की देल्कासे परराष्ट्रमंत्री झाल्यावर पंधरवड्याच्या आत, १० जुलै १८९८ रोजी, मार्शां नाईलकाठच्या फाशोदा (आता दक्षिण सूदानमधील कोडोक) येथे पोहोचला आणि त्याने तेथे फ्रेंच निशाण उभारले.

देल्कासेच्या आधीचा परराष्ट्रमंत्री गाब्रीएल आनोतो हा इतिहासकार होता. रीशल्यविषयीच्या ग्रंथामुळे त्याची विद्वत्ता सर्वमान्य झाली होती. इंग्लंडशी आफ्रिकेत स्पर्धा करीत असताना जर्मनीशी प्रसंगोपात्त सहकार्य करावे, असा त्याचा कल होता. परंतु इंग्लंडशी स्पर्धा कोठवर ताणावी, याचा निर्णय त्याने केलेला नव्हता. मार्शांची मोहीम हे त्या अनिर्णयाचे अपत्य होय. मोजके फ्रेंच अधिकारी आणि शे-दीडशे आफ्रिकी सैनिक दोन वर्षे जंगले व दलदली तुडवीत नाईलपर्यंत पोहोचले. मात्र तेथे पोहोचल्यावर पुढे काय करावयाचे, याचा स्पष्ट विचार पॅरिसमध्ये कोणी केला नव्हता. २ सप्टेंबर रोजी ओम्डुरमन येथे माहदीपंथीयांचा मोड करून किचनर तोफनौकांसह नदीने वर आला आणि १९ सप्टेंबरला फाशोदा येथे दाखल झाला. मार्शांने तेथून निघून जावे, तोपर्यंत वाटाघाटी नाहीत, अशी सॉल्झबरीच्या ब्रिटिश सरकारची भूमिका होती.

नव्या मंत्र्यापुढील हा पहिलाच पेच. फ्रेंच आरमार ब्रिटिश आरमाराशी झुंज घेण्याच्या स्थितीत नव्हते. नाईलच्या प्रश्नावर युद्धात उतरण्याची रशियाला उत्सुकता नव्हती. देशात द्रेफ्यूस प्रकरणाने कळस गाठला होता. त्याच्याविरुद्ध बनावट पुरावा तयार करणाऱ्या कर्नल आंरी याने ऑगस्टअखेर आत्महत्या केली होती. ऑक्टोबरमध्ये ब्रिसोंचे मंत्रिमंडळ कोसळले आणि नोव्हेंबरच्या आरंभी द्युपुई पंतप्रधान झाला. देल्कासे मात्र आपल्या जागी राहिला. वाटाघाटींसाठी एखादी सवलत मिळते का, याचा त्याने काही आठवडे प्रयत्न केला. ती मिळत नाही असे दिसताच माघारीचा निर्णय घेण्यात आला आणि डिसेंबरमध्ये मार्शांने फाशोदा सोडले. २१ मार्च १८९९ च्या कराराने नाईल व काँगो या नद्यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक हीच दोन्ही राष्ट्रांच्या प्रभावक्षेत्रांची सीमा ठरविण्यात आली. फ्रान्सला नाईलवर कायमचे पाणी सोडावे लागले. जी कल्पना देल्कासेने पाच वर्षांपूर्वी उचलून धरली होती, तिचे विसर्जन त्यालाच करावे लागले. आणि त्याने ते मुकाट्याने केले, यातच त्याची मुत्सद्दी म्हणून योग्यता प्रथम दिसून आली.

फाशोदाच्या मानहानीनंतर देल्कासेने इंग्लंडशी मैत्रीचा संकल्प सोडला आणि पुढील सहा वर्षे तो त्या दिशेने एकेक पाऊल टाकीत गेला, असे चित्र पूर्वीच्या अनेक ग्रंथांत रंगविलेले आढळते. उपलब्ध कागदपत्रांवरून ते टिकत नाही. १८९९ ते १९०१ या काळात देल्कासेचा रोख इंग्लंडविरुद्धच होता. बोअर युद्धात इंग्लंड गुंतले असताना रशियाचा परराष्ट्रमंत्री मुराव्ह्योव्ह याने १९०० च्या आरंभी फ्रान्स, रशिया व जर्मनी यांनी मिळून मध्यस्थी करावी, अशी सूचना पुढे केली. तिला देल्कासे अनुकूल होता. जर्मनीने मात्र त्यासाठी तिन्ही राष्ट्रांनी परस्परांच्या यूरोपीय प्रदेशांची हमी द्यावी, अशी अट घातली. या अटीचा अर्थ फ्रान्सने ॲल्सेस-लॉरेनवरील हक्क आपल्या सहीने सोडावा, असा होता. ते करण्यास कोणताही फ्रेंच मंत्री धजला नसता. याच सुमारास फ्रान्स व रशिया यांच्या सेनापतींमध्ये इंग्लंडविरुद्ध युद्ध झाल्यास काय करावे, याचीही चर्चा झाली. तीत हिंदुस्थानला शह देण्यासाठी रशियाने अफगाण सरहद्दीकडे सैन्य हलवावे, असे ठरले होते आणि त्यास आवश्यक असलेल्या ओरेनबर्ग–ताश्कंद लोहमार्गास फ्रेंच कर्जाचे साहाय्य मिळाले. ज्या मंत्र्याचे नाव पुढे इंग्लंडच्या मैत्रीशी कायमचे जोडले गेले, त्याच्याच कारकीर्दीत हिंदुस्थानच्या वायव्य सीमेवर दडपण आणण्याची योजना कागदावर उतरली, ही गोष्ट भारतीय वाचकास विशेष लक्षणीय वाटेल.

तेव्हा देल्कासेजवळ आरंभापासून आखून ठेवलेला आराखडा नव्हता. त्याच्याजवळ होते ते एक उद्दिष्ट. ते म्हणजे मोरोक्को. अल्जीरिया व ट्युनिशिया फ्रान्सच्या ताब्यात होते; त्यांना लागून असलेले आणि दुबळ्या सुलतानाच्या हाताखाली विस्कळित होत चाललेले मोरोक्कोचे राज्य फ्रान्सच्या प्रभावाखाली यावे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात फ्रान्सचे स्थान पक्के होईल, असे त्याचे मत होते. मोरोक्कोत हितसंबंध असलेल्या प्रत्येक राष्ट्राला काही ना काही देऊन त्याचा विरोध नाहीसा करावयाचा, हा त्याचा मार्ग. या मार्गाने जाता जाता यूरोपातील राष्ट्रांची जी नवी जुळणी झाली, तिचे महत्त्व अखेर मोरोक्कोहूनही मोठे ठरले.

ही कामगिरी पार पाडण्यासाठी त्याने माणसे निवडली, ती थोडी पण तोलामोलाची. लंडनमध्ये पोल कांबों (१८९८ ते १९२०), रोममध्ये कामीय बारेर (१९२४ पर्यंत) आणि प्रथम वॉशिंग्टन व १९०२ पासून माद्रिद येथे पोल कांबोंचा बंधू झ्यूल कांबों हे राजदूत त्याचे खरे सहकारी होत. झ्यूल कांबोंने १८९८ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या वतीने अमेरिकेशी युद्धविरामाच्या मसुद्यावर सही केली होती. त्यामुळे स्पेनच्या दरबारी त्याच्याविषयी सद्भावना होती. हे तिघेही स्वतंत्र बुद्धीचे होते. मंत्र्याच्या आदेशाची वाट पाहत बसण्याऐवजी ते त्याला सल्ला देत, कित्येकदा पुढे ढकलीत. इंग्लंडशी समझोत्याची निकड देल्कासेच्या आधी पोल कांबोंला आणि इटलीशी समेटाची शक्यता देल्कासेच्या आधी बारेरला उमगली होती. देल्कासेचे श्रेय असे, की त्याने त्यांना पुरेसा काळ दिला व त्यांच्या पाठीशी तो उभा राहिला. खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांशी मात्र तो फारसा मोकळेपणाने वागत नसे.

रशियाशी असलेले सख्य दृढ करणे हे पहिले काम होते. १८९२ चा लष्करी करार जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली यांचा त्रिराष्ट्र संघ अस्तित्वात असेपर्यंतच टिकावयाचा होता. ऑस्ट्रियाचा वृद्ध सम्राट फ्रान्सिस जोसेफ मरण पावल्यास त्याचे साम्राज्य फुटेल, त्रिराष्ट्र संघ आपोआप संपेल व नेमक्या आणीबाणीच्या क्षणी फ्रान्स व रशिया यांचा करारही नाहीसा होईल, अशी भीती देल्कासेला वाटत होती. ऑगस्ट १८९९ मध्ये तो स्वतः सेंट पीटर्झबर्गला गेला आणि मुराव्ह्योव्हशी पत्रविनिमय करून त्याने कराराची ही मुदत काढून टाकली. शांततेबरोबरच यूरोपातील सत्तासमतोल राखणे हेही सख्याचे प्रयोजन म्हणून त्यात अंतर्भूत झाले. एवढा महत्त्वाचा बदल झाला, तरी त्याची माहिती फ्रान्समध्ये अगदी मोजक्या व्यक्तींपुरती मर्यादित राहिली.

इटलीचे प्रकरण अधिक नाजूक होते. १८८१ मध्ये फ्रान्सने ट्युनिशियावर संरक्षण लादल्यामुळे दुखावलेली इटली १८८२ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया यांना जाऊन मिळाली होती. नोव्हेंबर १८९८ मधील व्यापारी कराराने जकातयुद्ध संपले. डिसेंबर १९०० मध्ये बारेर व इटलीचा परराष्ट्रमंत्री व्हिस्काँती-व्हेनोस्ता यांनी गुप्त पत्रे देऊन-घेऊन मोरोक्को हे फ्रान्सचे आणि ट्रिपोली हे इटलीचे क्षेत्र असल्याचे मान्य केले. १९०२ मध्ये इटलीने त्रिराष्ट्र संघाचे नूतनीकरण केले खरे. परंतु त्याच वर्षी फ्रान्सवर कोणी हल्ला केल्यास, किंबहुना थेट चिथावणीमुळे फ्रान्सला स्वतः युद्ध पुकारावे लागल्यासही, आपण तटस्थ राहू असे आश्वासन तिने फ्रान्सला दिले. एका हाताने जर्मनीशी व दुसऱ्या हाताने फ्रान्सशी करार करण्याची इटलीची ही नीती प्रशंसनीय म्हणता येणार नाही. देल्कासेला तिची नीतिमत्ता तपासावयाची नव्हती. या यशाची किंमत मात्र अनपेक्षित ठिकाणी द्यावी लागली. एप्रिल १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ल्युबेने रोम येथे इटलीच्या राजाची भेट घेतली, तेव्हा रोमवरील राजाची सत्ता अमान्य असलेल्या पोपने निषेध नोंदविला. पंतप्रधान काँब धर्मसंस्थेशी भांडणाची संधी शोधीतच होता. जुलैमध्ये फ्रान्स व व्हॅटिकन यांचे राजनैतिक संबंध तुटले.

स्पेनशी १९०२ मध्ये मोरोक्कोच्या वाटणीचा मसुदा तयार झाला. त्यात फेझ शहरासह उत्तरेकडील मोठा भाग स्पेनला मिळावयाचा होता. आपल्या वाट्याला इतके येत असूनही स्पेनच्या नव्या सरकारने सही करण्याचे टाळले. कारण ब्रिटनला न विचारता जिब्राल्टरसमोरच्या किनाऱ्याचा सौदा करण्याची त्याची तयारी नव्हती. वस्तुतः देल्कासेच्या धोरणाला कलाटणी मिळाली ती येथे. इंग्लंडला वगळून मोरोक्को मिळणार नाही, हे त्याला या अपयशाने पटविले.

इंग्लंडमध्येही वारे बदलत होते. बोअर युद्धाने ब्रिटनचे एकाकीपण उघडे पडले होते आणि जर्मनी मोठे आरमार बांधू लागला होता. नोव्हेंबर १९०० मध्ये लॉर्ड लॅन्सडाउन परराष्ट्रमंत्री झाला. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय (१८८८–९४) म्हणून तो आपल्याकडे परिचित आहे. साम्राज्याच्या सीमा सांभाळण्यास किती पैसा व किती माणसे लागतात, हे त्याने प्रत्यक्ष अनुभविले होते. त्याचा मातामह काउंट फ्लाओ हा नेपोलियनचा पार्श्वचर असल्यामुळे फ्रेंच भाषा त्याला घरचीच होती. पोल कांबोंशी वाटाघाटींत त्याचा फार उपयोग झाला, कारण इतकी वर्षे लंडनमध्ये काढूनही कांबों सरकारी बोलणी फ्रेंचमध्येच करीत असे. ईजिप्तमध्ये ब्रिटनचा प्रतिनिधी असलेल्या लॉर्ड क्रोमरला तेथील अर्थव्यवस्थेवरील आंतरराष्ट्रीय नियंत्रण सैल व्हावयास हवे होते आणि त्यास फ्रान्सची संमती आवश्यक होती. मे १९०३ मध्ये सातव्या एडवर्डने पॅरिसला भेट दिली. आरंभी रस्त्यांतून बोअरांच्या व मार्शांच्या नावाने आरोळ्या ऐकू आल्या. निघतेवेळी मात्र लोकांनी त्याचा जयजयकार केला. जुलैमध्ये ल्युबे व देल्कासे लंडनला गेले आणि वाटाघाटींना प्रारंभ झाला. राजाच्या भेटीने करार झाला, ही समजूत लोकप्रिय असली तरी चुकीची आहे. भेटीने वातावरण निवळले. करार घडला तो नऊ महिन्यांच्या चिवट घासाघिशीतून.

८ एप्रिल १९०४ रोजी लंडनमध्ये सह्या झालेल्या या दस्तऐवजांत मैत्रीसंघाचा उल्लेखही नाही. ईजिप्तमधून ब्रिटिश सैन्य कधी जाणार, हा प्रश्न फ्रान्सने विचारणे सोडले आणि मोरोक्कोत सुव्यवस्था राखणे व सुधारणांस साहाय्य करणे हे फ्रान्सचे काम असल्याचे ब्रिटनने मान्य केले. १७१३ च्या उत्रेख्त तहापासून न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर फ्रेंच कोळ्यांना मासे वाळविण्याचा असलेला हक्क फ्रान्सने सोडला आणि त्याबद्दल पश्चिम आफ्रिकेत काही प्रदेश मिळविला. सयाममधील प्रभावक्षेत्रे, मादागास्करमधील जकात व न्यू हेब्रिडीझ बेटे यांविषयीचे वादही मिटविण्यात आले. मोरोक्कोचे स्वातंत्र्य पुढेमागे संपल्यास काय करावयाचे, याची गुप्त कलमे निराळी होती. ती १९११ मध्ये उजेडात आली. ज्यांच्या देशाची अशी देवघेव चालली होती, त्या मोरोक्कोच्या सुलतानाला किंवा ईजिप्तच्या जनतेला कोणी काही विचारले नाही. त्या काळच्या राजनयात तशी प्रथाच नव्हती, हे खरे. पण इतिहासलेखकाने ते नमूद करणे अवश्य आहे. ऑक्टोबर १९०४ मध्ये स्पेननेही करार केला, या वेळी बऱ्याच कमी वाट्यावर.

एका राष्ट्राला मात्र देल्कासेने काहीच देऊ केले नाही. जर्मनीला मोरोक्कोत व्यापार होता आणि १८८० च्या माद्रिद कराराने तेथील परकीयांच्या हक्कांविषयी बोलण्याचा अधिकारही होता. करार होण्यापूर्वी जर्मन राजदूताने विचारल्यावर देल्कासेने तोंडी माहिती दिली, पण कराराची अधिकृत सूचना बर्लिनला कधी पाठविली नाही. जर्मन चॅन्सेलर ब्यूलो याने संसदेत कराराविषयी नाराजी दाखविली नाही. त्यावरून जर्मनी गप्प बसेल, असा समज देल्कासेने करून घेतला. पोल कांबोंसारख्या सहकाऱ्यांना ही उपेक्षा धोक्याची वाटत होती. एरवी सावध असलेल्या मंत्र्याने ही चूक का केली, याचे उत्तर बहुधा त्याच्या स्वभावात शोधावे लागेल. दीर्घकाळ मनात बाळगलेले जर्मनीविषयीचे शल्य त्याच्या हिशेबीपणावर येथे मात करून गेले.

फेब्रुवारी १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धास तोंड फुटले होते. फ्रान्सचा मित्र रशिया आणि १९०२ पासून इंग्लंडचा मित्र असलेला जपान हे एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा नवे सख्य पहिल्याच वर्षी मोडते की काय, अशी भीती निर्माण झाली. २१ ऑक्टोबर १९०४ च्या रात्री उत्तर समुद्रातील डॉगर बँकनजीक रशियन आरमाराने इंग्रज मासेमारी नौकांना जपानी समजून त्यांवर गोळीबार केला. ब्रिटन व रशिया यांच्यात युद्धाचे वातावरण तयार झाले. देल्कासेने दोन्ही बाजूंना आंतरराष्ट्रीय चौकशी आयोगाचा मार्ग पत्करावयास लावले. आयोगाची बैठक पॅरिसमध्ये झाली आणि प्रकरण भरपाईवर मिटले. त्याच्या कारकीर्दीतील ही कदाचित सर्वांत निर्मळ कामगिरी होय. परंतु मार्च १९०५ मध्ये मुकदेनच्या लढाईत रशियाचा पराभव झाला आणि काही काळ तरी रशिया यूरोपात निरुपयोगी झाला. फ्रान्सला धक्का देण्यास जर्मनीला याहून चांगली वेळ मिळणे शक्य नव्हते.

३१ मार्च १९०५ रोजी कैसर दुसरा विल्यम टँजिअर बंदरात उतरला आणि सुलतान हा स्वतंत्र राजा आहे, असे त्याने जाहीर केले. पाठोपाठ मोरोक्कोचा प्रश्न आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे ठेवावा, अशी मागणी जर्मनीने लावून धरली. १९ एप्रिल रोजी प्रतिनिधिगृहात देल्कासेवर डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंनी टीका झाली. त्याच्या समर्थनार्थ उठणारे फार थोडे निघाले. त्याने राजीनामा देऊ केला; ल्युबेच्या आग्रहामुळे तो परत घेण्यात आला. पंतप्रधान रुव्ह्ये हा अर्थकारणातील जाणकार होता, परराष्ट्रीय बाबींत नवखा होता आणि युद्धाच्या शक्यतेने हादरला होता. त्याने परराष्ट्रमंत्र्याच्या पाठीमागे जर्मन प्रतिनिधींशी बोलणी सुरू केली. परराष्ट्रखात्याचा गुप्तलिपी उकलणारा विभाग जर्मन तारा वाचीत असल्यामुळे आपला पंतप्रधान आपलाच बळी देण्यास तयार असल्याचे देल्कासेला कळत होते. गुप्ततेवर उभारलेल्या कारकीर्दीचा शेवट अशा रीतीने गुप्ततेतच आला.

६ जून १९०५ रोजी ल्युबेच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळाची बैठक झाली. जर्मनी केवळ धाक दाखवीत आहे, परिषद नाकारावी, इंग्लंड फ्रान्सच्या पाठीशी उभे राहण्यास तयार आहे, असे देल्कासेने प्रतिपादन केले. इंग्लंडने नेमके काय देऊ केले होते, हा प्रश्न इतिहासकारांत बराच काळ वादाचा होता. मे महिन्याच्या अखेरीस लॅन्सडाउनने कांबोंला असे कळविले होते, की उद्भवू शकणाऱ्या प्रसंगांविषयी दोन्ही सरकारांनी आगाऊ व मोकळेपणाने विचारविनिमय करावा. फ्रान्सने आपल्याला न विचारता जर्मनीला काही देऊन टाकू नये, एवढाच लॅन्सडाउनचा हेतू असावा. कांबों व देल्कासे यांनी त्यात मैत्रीसंघाची सुरुवात पाहिली. रुव्ह्येने उत्तर दिले, की असा संघ करणे म्हणजेच युद्ध ओढवून घेणे होय आणि सैन्य त्यास सिद्ध नाही. लष्कराची स्थिती खरोखरच समाधानकारक नव्हती. अधिकाऱ्यांच्या धार्मिक व राजकीय मतांची टिपणे ठेवल्याच्या प्रकरणाने आदल्या वर्षी सैन्यात दुही माजली होती. एकही मंत्री देल्कासेच्या बाजूने बोलला नाही. त्यांपैकी अनेकांना सात वर्षांत काय काय ठरले होते, याची नीट कल्पनाच नव्हती. ज्या धोरणात आपला सहभाग नाही, त्यासाठी युद्धाचा धोका पत्करण्यास ते राजी होण्याचे कारणही नव्हते. देल्कासेने राजीनामा दिला. त्याच दिवशी बर्लिनमध्ये ब्यूलोला प्रिन्स ही पदवी मिळाली.

रुव्ह्येने परराष्ट्रखाते स्वतःकडे घेतले. देल्कासे गेला म्हणजे जर्मनीचे समाधान होईल, ही त्याची अपेक्षा होती. ती फोल ठरली. जर्मनीने परिषदेचा आग्रह सोडला नाही व जुलैमध्ये रुव्ह्येला तो मान्य करावा लागला. एका परराष्ट्रमंत्र्याला दुसऱ्या राष्ट्राच्या दडपणाखाली दूर करण्यात आल्याची बोच फ्रेंच जनमतात उत्तरोत्तर वाढत गेली. जे सख्य दोन मंत्र्यांच्या सह्यांपुरते होते, त्याला त्या बोचेने लोकांचा आधार मिळाला. जानेवारी ते एप्रिल १९०६ मध्ये स्पेनमधील आल्जेसिरास येथे परिषद भरली, तेव्हा ब्रिटन, रशिया, स्पेन, इटली व अमेरिका यांनी कमीअधिक प्रमाणात फ्रान्सची बाजू घेतली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीखेरीज जर्मनीला आधार उरला नाही. सात वर्षांत देल्कासेने जे जे करार जमविले होते, ते त्याच्या अनुपस्थितीत एकेक करून उपयोगी पडले. परिषदेच्या काळातच ब्रिटन व फ्रान्स यांच्या सेनाधिकाऱ्यांत बोलणी सुरू झाली. ३१ ऑगस्ट १९०७ रोजी इराण, अफगाणिस्तान व तिबेट यांविषयी ब्रिटन व रशिया यांचा करार झाला आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील त्यांची दीर्घकाळची स्पर्धा मंदावली.

देल्कासेने जर्मनीला घेरण्याचा कट रचला, हा आरोप जर्मन लेखकांनी दीर्घकाळ केला. उलट त्याच्या फ्रेंच चाहत्यांनी त्याला दूरदृष्टीचा शिल्पकार ठरविले. दोन्ही पक्षांनी त्याच्या अंगी प्रत्यक्षात होती त्याहून अधिक योजकता गृहीत धरली. त्याच्या पदरी दीर्घ मुदत, उत्तम राजदूत आणि एक निश्चित उद्दिष्ट होते; उरलेले परिस्थितीने त्याच्या हाती दिले, आणि ते घेण्याची तयारी त्याने दाखविली. आपल्या मित्रराष्ट्रांना त्याने जितक्या काळजीपूर्वक जोडले, त्याच्या शतांशानेही स्वदेशातील संसदेला व सहकाऱ्यांना जोडले नाही, हे त्याच्या कार्यातील मोठे वैगुण्य होय.

पुढे १९११–१३ मध्ये नौदलमंत्री म्हणून त्याने फ्रेंच आरमाराची मुख्य शक्ती भूमध्य समुद्रात एकवटली. १९१३-१४ मध्ये तो रशियात राजदूत होता. पहिले महायुद्ध सुरू होताच ऑगस्ट १९१४ मध्ये त्याला पुन्हा परराष्ट्रमंत्री करण्यात आले. इटलीला दोस्तांच्या बाजूने युद्धात आणणारा लंडनचा गुप्त करार (२६ एप्रिल १९१५) याच काळातला. बाल्कन प्रदेशात मात्र त्याचे अंदाज चुकले. बल्गेरिया शत्रुपक्षास मिळाला आणि सलॉनिका मोहिमेविषयी मतभेद होऊन ऑक्टोबर १९१५ मध्ये तो मंत्रिमंडळातून बाहेर पडला. या वेळीही सहकाऱ्यांची तक्रार तीच होती, की परराष्ट्रमंत्री आपल्याला काही सांगत नाही. नीस येथे त्याचे निधन झाले. त्याच्या कारकीर्दीची फ्रेंच सरकारी कागदपत्रे प्रसिद्ध होण्यास १९२९ नंतर प्रारंभ झाला.